बुडालेल्या गावाचा बॅकअप

एक अख्खं धरण मी माझ्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवलं आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. कुलूप खरं होतं. किल्ली कमरेला होती, तीही खरी. खणात धरण तेवढं नव्हतं.

बाभुळगावला एसटी स्टँडच्या बाजूला माझं दुकान होतं. आधी टायपिंग शिकवलं, मग झेरॉक्स घातलं, मग कॉम्प्युटर आले, आणि घरोघरी मोबाइल झाले तेव्हा मी 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील' अशी पाटी लावली. आज मी सत्तरीला टेकले. ज्या बाईची गोष्ट सांगते आहे ती तेव्हा पंचावन्नची होती. माझी नात म्हणते, "आजी, पंचावन्न म्हणजे काही तरुण नाही हं." नसेल. पण अक्कल यायची बाकी होती, म्हणून मी तिला तरुणच म्हणते.

काय तिचा थाट! फिरती खुर्ची, चष्म्याला साखळी, टेबलावर स्पिरिटची बाटली आणि कापसाचा बोळा. घरी वऱ्हाडी बोलायची, पण दुकानाचं शटर वर गेलं की जिभेवर पुण्याची पॉलिश. कोणी "बाई, या कार्डात भजनं टाकून द्या ना" म्हटलं की आधी त्याला बॅकअपवर प्रवचन. "वस्तू एकाच जागी ठेवू नये. दुसरीकडे तिची प्रत असावी. याला बॅकअप म्हणतात." समोरचा शेतकरी मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बरं, पण भजनं टाका." स्वतःच्या सोयाबीनच्या बियाण्याचं घरगुती पोतं वेगळं बांधून ठेवणाऱ्या माणसाला मी हे शिकवत होते.

त्याच काळात मासेमारीच्या मशीनची कार्डं माझ्याकडे यायला लागली. ज्यांनी ते मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वहीएवढा पडदा असतो. त्याची एक तार बोटीखाली पाण्यात सोडतात. ती खाली आवाज सोडते, तळाला आपटून आवाज परत येतो, त्यावरून पाणी किती खोल आहे आणि मधे मासे आहेत का ते पडद्यावर उमटतं. आपण पाण्यावर नेमके कुठे आहोत हेही त्याला कळतं. बाजूला एक फट असते, त्यात नखाएवढं कार्ड. बोट जिथून जिथून जाते तिथली खोली कार्डावर नोंदली जाते, आणि हळूहळू तलावाच्या तळाचा नकाशा तयार होतो.

यातलं पहिलं गिऱ्हाईक होता यवतमाळचा एक हौशी इंजिनिअर. रविवारी टोपी घालून गळ टाकायला यायचा. त्याच्याकडे विकतचं कार्ड होतं, देशभरातल्या तलावांचे नकाशे असलेलं. त्यात आमचं धरण म्हणजे नुसता निळा डाग होता, आत ना खोली ना काही. पण त्याला त्या डागाची प्रत साळ्यासाठी हवी होती. मी दिली करून. पुढच्या रविवारी हा टोपीसकट दुकानात उभा. "मॅडम, साळ्याच्या मशीनवर उघडतच नाही. तुम्ही काहीतरी गडबड केली."

मी दोन दिवस इंटरनेटवर डोकं फोडलं तेव्हा कळलं, की विकतचा नकाशा ज्या कार्डावर विकला त्याच कार्डाच्या नंबराशी बांधलेला असतो. प्रत होते, पण दुसऱ्या कार्डावर ती तोंड उघडत नाही. आपण स्वतः बोट फिरवून जमवलेली खोली मात्र आपली असते, तिची कितीही कार्डं करा. हे मी त्या इंजिनिअरला दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात समजावलं. तो निघून गेला आणि बाईसाहेब खुर्चीत एक गिरकी घेऊन बसल्या. तलावाच्या नकाशाच्या कार्डांतली तालुक्यातली एकमेव तज्ज्ञ! शर्यतीत दुसरं कोणी नव्हतंच, तर पहिला नंबर येणारच.

आता वनिताकडे येते. यायला मन घेत नाही, पण हे लिहायला बसले ते तिच्याचसाठी.

धरणाकाठच्या भोयांच्या संस्थेला कुठल्याशा योजनेतून असं एक मशीन मिळालं होतं. चार बोटी आणि मशीन एक. लोकांनी आठ दिवस खेळून ते पेटीत टाकलं. म्हणायचे, "मासे दिसते बाप्पा, पण जाळ्यात या म्हनलं तर आयकत नाई." ते पेटीतून काढलं नथ्थूजींनी. नथ्थूजी म्हणजे संस्थेतले सगळ्यात जुने नावाडी. त्यांचं जुनं गाव याच धरणाखाली गेलं. एकुलता एक मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला, आणि तोवर बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या सुनेनं, वनितानं, वल्हं हातात घेतलं. सासरा आणि सून एका डोंग्यात. पाण्यातलं तिला काही ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांचे डोळे काचबिंदूनं मिटत चालले होते.

त्या ठाऊक असण्याची किंमत सांगायला हवी. धरणाच्या उघड्या मधल्या पाण्यात कोणीही जाळं टाकतं आणि सगळ्यांना सारखेच चार मासे मिळतात. मोठा कटला आणि मरळ राहतात आडोशाला, म्हणजे बुडालेल्या गावात, भिंतींच्या कडेला. पण तिथे तंगूसाचं, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याचं, जाळं टाकणं म्हणजे काट्यांवर लुगडं वाळत घालणं. विहिरीचा कठडा, चौकटीचा दगड, तोडलेल्या बोरीचा खुंट. वीतभर चुकलं की जाळं गेलं. नथ्थूजी तिथे जाळं टाकायचे ते गल्लीगल्लीतून. जिथून लहानपणी पळाले त्याच वाटांवरून. वर पाणी, खाली गाव, आणि हा माणूस चावडीपासून विहिरीपर्यंत जाळं असं सोडायचा जसं कोणी अंगणात दोरी बांधावी. काठावरची एक खूण आणि मागची दुसरी खूण एका रेषेत आली की त्यांना कळायचं, आता आपण अमक्याच्या ओट्यावर आहोत.

संस्थेतले बाकीचे मशीनमध्ये मासे पाहत होते. नथ्थूजी म्हणाले, "मासे कुठं रायते ते मले ठाऊक हाय. मले त्यात गाव ठेवाचं हाय."

डोळ्यांत थोडा उजेड होता तोवर, दोन हिवाळे, दोघं रोज सकाळी निघायची. नथ्थूजी पुढे बसून काठ न्याहाळायचे आणि म्हणायचे, "दाब." वनिता बटण दाबायची. पडद्यावर एक खूण उमटायची आणि शेजारी तिचा आकडा. नाव टाइप करता येत नव्हतं, कारण मशीनची भाषा इंग्रजी आणि वनिता सातवी शिकलेली. म्हणून तिनं आकडे पाठ केले. सत्तावीस म्हणजे चावडीचा कोपरा. चाळीस म्हणजे विहीर. एकसष्टच्या उजव्या हाताला जायचं नाही, तिथे चिंचेचं खोड आहे. शंभरावर खुणा तिला तोंडपाठ होत्या. नथ्थूजींनंतर तिनं एकटीनं त्या गावात जाळं टाकावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त दसऱ्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर एक बाई दिसली. डोक्यावर टोपली, हातात फडक्याची पुरचुंडी. पुरचुंडीत कार्ड, आणि कार्डावर हळद, कुंकू, तेल आणि दोन अक्षता.

"मॅडम, मशीन याले वळखूनच नाई राह्यलं."

"हे काय केलंय?"

"पूजा केली ना. जाळ्याची केली, डोंग्याची केली. मामाजी म्हने मशीनचा जीव त्या टिकलीत हाय, तिले काढून पूजा कर."

मामाजी म्हणजे सासरे. मी हसले, आणि त्या हसण्यात मायेचा अंश नव्हता. कार्ड चिमटीत धरलं, स्पिरिटनं पुसलं, खोडरबरानं त्याचे पितळी दात घासले, कॉम्प्युटरला लावलं. उघडलं! खोलीची नोंद जशीच्या तशी होती. मी अशी मान उंचावली जणू हृदयाचं ऑपरेशन करून बाहेर आले.

वनिता पायरीवरच उभी होती. तिला आत ये असं मी म्हटलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. टोपलीचा वास दुकानात भरतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं, हे कारण मी स्वतःला देत असे. घरी मासे आम्ही चवीनं खायचो. हरकत वासाला नव्हती, तो आणणारीला होती. ती गेल्यावर उदबत्ती लावायची, तीही चंदनाची. हे सगळं करणारी बाई दर आठ मार्चला शाळेत महिलांच्या स्वावलंबनावर भाषण द्यायची, हेही सांगून टाकते.

"दर महिन्याला कार्ड आणत जा," मी पायरीकडे बघून म्हटलं. "मी बॅकअप घेऊन ठेवीन. मग कुंकू लाव नाहीतर हार घाल."

ती आणत गेली. महिन्याच्या एका बाजाराला न चुकता. कार्ड धुतलेल्या फडक्यात, फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी कार्ड घ्यायचे, प्रत करायचे, वेगळ्या कार्डावर तारीख घालून खणात ठेवायचे. पाच मिनिटांचं काम. ती तेवढा वेळ पायरीवर उन्हात.

एक दिवस ती म्हणाली, "मॅडम, एक इचारू काय? आमी बटन दाबून खुना करतो ना, त्या याच्यात येते ना?"

मी कोणाच्या तरी सातबाराचं झेरॉक्स काढत होते. मागे वळलेही नाही. "सगळं येतं. कार्डात सगळंच येतं."

"नाई म्हनजे, मशीनवर इंग्रजीत लय मोठी यादी येते. कायी निवडा लागते का काय ते समजत नाई. तुमी एक दिवस डोंग्यावर येऊन वाचून देता का? म्या घ्याले येतो गाडी करून."

"मी पाण्यात येत नाही."

"पाण्यात नाई, काठावरच. मशीन काठावर आनतो."

"अगं, कार्ड म्हणजेच सगळं. मशीन नुसता डबा असतो. मोबाइल पाहिलास ना? गाणी कुठे असतात? कार्डात. तसंच."

ती "बरं मॅडम" म्हणाली. तिचं समाधान झालं नव्हतं, हे आता आठवताना मला तिच्या आवाजात ऐकू येतं. तेव्हा झेरॉक्सचा आवाज मोठा होता.

मी गाणी भरणारी बाई. माझ्या धंद्यात डबा रिकामा आणि कार्ड भरलेलं, हा नियम. तोच मी धरणाला लावला. ज्या मशीनच्या कार्डांची मी तालुक्यातली तज्ज्ञ होते ते मशीन तोवर मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. विहिरीत न उतरता पोहण्याचा क्लास काढावा तसं.

चौथ्या वर्षी पावसाळा सरताना मशीन अडकलं. सुरू व्हायचं आणि पहिल्याच चित्रावर थांबायचं. संस्थेतल्या कोणीतरी ते नागपूरला दुरुस्तीला दिलं. तोवर नथ्थूजींचे डोळे पूर्ण गेले होते. वनितानं दुरुस्तीवाल्याला फोन नंबर माझा दिला, कारण तो काय विचारेल ते तिला समजणार नाही आणि मॅडमला समजेल.

त्याचा फोन आला. मला त्या माणसाचा एकेक शब्द आठवतो, कारण त्यानं त्याचं काम चोख केलं. "मॅडम, मशीन पूरा रिसेट करना पडेगा. अंदर का सब उड जाएगा. बॅकअप है ना?"

"है," मी म्हटलं. "मैंने खुद लिया है. आप बिनधास्त करो."

'बिनधास्त' हा शब्द मी त्यानंतर वापरलेला नाही.

मशीन परत आलं. दुसऱ्या दिवशी बाजार नसताना वनिता दुकानावर. "मॅडम, तळ दिसते. खुना नाई."

"कार्ड नीट बसवलंस का?"

"बसवलं."

मी खणातलं कार्ड काढून दिलं. ती परत गेली. एसटीनं एक तास जायला, एक यायला. दुपारी पुन्हा हजर. "नाई मॅडम. एकबी नाई."

आणि मी तिच्यावर डाफरले. "तुला बघता येत नसेल! चार वर्षं घेतेय मी बॅकअप. माझ्याकडे सगळं आहे." दुकानात तिघंचौघं होती, म्हणून आवाज जरा जास्तच.

तिसऱ्या दिवशी ती मशीनच घेऊन आली. टोपलीत मासे नव्हते. मशीन होतं, तार होती, मोटरसायकलची बॅटरी होती. तिनं पायरीवर फडकं अंथरलं, तारा जोडल्या आणि बाजूला सरून म्हणाली, "पाहा."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या पायरीवर बसले. चष्मा लावला. बटणं दाबत यादी उघडली. साधी इंग्रजी होती, माझ्या टायपिंगच्या पहिल्या वर्गातली मुलगी वाचेल अशी. खोलीची नोंद: कार्डावर. खुणा: मशीनच्या आत. आणि त्याखाली एक ओळ होती, की खुणा कार्डावर उतरवायच्या असतील तर इथे दाबा. एकदा दाबायचं. दर महिन्याला एकदा, अर्धं मिनिट. मग कार्ड माझ्याकडे आणायचं.

मी चार वर्षं तळाची प्रत काढत होते. वर खाली, खोल उथळ. त्यात भिंत आणि गोट्यांचा ढीग सारखाच दिसतो. चिंचेचं खोड दिसत नाही. गल्ली तर नाहीच. गाव मशीनच्या पोटात होतं आणि मी फोनवर सांगून ते पुसून घेतलं होतं.

"काय लिवलं हाय मॅडम?" वनितानं विचारलं.

मी वाचून दाखवलं. मराठीत सांगितलं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हेच वाचाले बलावत होती म्या तुमाले."

बस, एवढंच. तिनं तारा गुंडाळल्या, बॅटरी टोपलीत ठेवली आणि स्टँडकडे गेली.

नथ्थूजींना मी स्वतः जाऊन सांगायचं ठरवलं. हे धाडस नव्हतं, घरी बसवत नव्हतं. पुनर्वसनातल्या त्यांच्या घरापुढे ते खाटेवर बसले होते, हातानं चाचपत जाळ्याचं भोक विणत होते. मी सांगितलं. मशीन, यादी, फोन, सगळं. माझी पॉलिश उतरली होती. मी म्हटलं, "नथ्थूजी, माह्याच चुकीनं गेलं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "पैल्यांदा सरकारनं बुडवलं," ते म्हणाले. "तवा निदान नोटीस देल्ली होती."

आणि हसले. मला वाटलं रागावले असते तर बरं झालं असतं. मग मला बसायला सांगून सुनेला म्हणाले, "चहा ठेव बाईले." मी त्या घरात चहा प्यायले. माझ्या दुकानात पाण्याचा माठ होता, चार वर्षांत तिला कधी पेलाभरही दिलं नव्हतं, हे पहिल्या घोटालाच आठवलं.

"उद्या जाऊ," नथ्थूजी म्हणाले. "पुन्ना करू. बाई, तुमीबी चला. वाचाले कोनी पायजे."

मी गेले. पाण्यात न येणारी बाई डोंग्याच्या दोन्ही कडा घट्ट धरून, देवाचं नाव घेत बसली. वनिता वल्हवत होती. नथ्थूजी पुढे, एक हात पाण्यात. त्यांना दिसत नव्हतं म्हणून ते विचारायचे आणि वनिता काठ पाहून सांगायची.

"देवळाचा झेंडा दिसते का?"

"दिसते मामाजी."

"त्याच्या मांगं टेकडीची खाच. दोन्ही एका रेघेत आली का सांग."

वनितानं वल्हं आडवं धरलं. "मामाजी, टेकडी नाई आता."

"नाई म्हनजे? कुठं गेली?"

"मुरूम नेला ना तिचा. रस्त्यात गेली."

नथ्थूजी म्हणाले, "मंग रस्त्यालेच इचार आमची चावडी कुठं हाय म्हनून."

काठावरची एक खूण गेली होती, दुसऱ्या खुणेचं झाड तोडलं होतं, तिसऱ्या ठिकाणी पत्र्याचं गोदाम आलं होतं. जुन्या काठाच्या जोरावर केलेल्या खुणा नवा काठ पाहून परत कशा करणार? चार दिवस फिरलो. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच खुणा जमल्या, त्याही नथ्थूजींना खात्रीच्या वाटत नव्हत्या. प्रत्येक वेळी "दाब" म्हणण्याआधी ते थांबायचे. पूर्वी थांबत नव्हते, असं वनिता म्हणाली. मी दररोज त्या यादीतली ओळ दाबून खुणा कार्डावर उतरवल्या, घरी जाऊन दोन दोन प्रती काढल्या. इतकी काळजी मी कुठल्याच कार्डाची घेतली नव्हती. आता त्यात ठेवायला काही उरलं नव्हतं.

चौथ्या दिवशी परतताना नथ्थूजी म्हणाले, "राहू दे बेटा. माह्या डोक्यात हाय ते आता बाहेर निघत नाई." त्या हिवाळ्यात ते गेले. छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत संपलं.

दुकान मी त्यानंतर दोन वर्षांनी बंद केलं. लोकांना वाटतं गुडघ्यांमुळे. गुडघे दुखतात, खोटं नाही. पण कोणी कार्ड पुढे केलं की मी इतके प्रश्न विचारायचे, की माणूस दुसऱ्या दुकानात जायचा. एका नवरदेवाच्या बापाला मी विचारलं होतं, "फोटो कार्डातच आहेत ना? कॅमेऱ्याच्या पोटात काही नाही ना? कॅमेरा आणा, मला दाखवा." तो म्हणाला, "बाई, फक्त प्रत काढा." मी काढली नाही. शहाणपण आलं तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं.

वनिता अजून डोंगा चालवते. बुडालेल्या गावात तिनं एक गल्ली परत मिळवली आहे, चावडी ते विहीर. कशी मिळवली ते मी तिला बाजारात विचारलं.

"जाळं टाकाचं," ती म्हणाली. "फाटलं तं तिथं खून कराची. मामाजीच्या खुना जाळं वाचवाच्या होत्या. माह्या खुना जाळं गेल्याच्या हायेत."

"किती जाळी गेली?"

"त्या एका गल्लीले तीन." तिनं मासा उलटा करून कल्ला दाखवला, ताजा आहे म्हणून. "बाकी गाव काई होनार नाई मॅडम आता. तेवढे जाळे कोन आनते?"

ती मधल्या उघड्या पाण्यात टाकते, सगळ्यांसारखं. मिळतात तेवढे आणते. दर बाजाराला मी तिच्याकडूनच घेते. तिनं मला कधी एक मासा जास्त घातला नाही आणि काट्यावर कधी कमी तोललं नाही. तिच्या वागण्यात राग शोधायला गेले तर सापडत नाही. मी तिच्यासाठी इतर गिऱ्हाइकांसारखी एक गिऱ्हाईक आहे, आणि मला वाटतं हे तिनं ठरवून केलेलं नाही. तिला तेवढा वेळच नाही.

मागच्या महिन्यात मी धीर केला. म्हटलं, "वनिता, एखाद्या सकाळी मी येऊ का तुझ्याबरोबर डोंग्यात? उन्हाळ्यात पाणी उतरलं की दोघी मिळून पाहू. मी वाचीन, तू दाब."

ती सुरीनं खवलं काढत होती. सुरी थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"कायले मॅडम?" ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती. तिला कारण समजून घ्यायचं होतं आणि मी ते शोधत उभी होते. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, सरका ना थोडं पुढं." मी पिशवीचं तोंड उघडून धरलं. तिनं त्यात मासे सोडले आणि पुढच्याला विचारलं, "तुमाले कोनता देऊ?"